डोंगरामागची सारजाबाई

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
रामनवमीचा दुसरा दिवस

आदरणीय दाजी,

सोयगाव मुक्कामी आपल्या पायांशी, आणि जमल्यास अक्काच्या नजरेआड, सोमनाथचा नमस्कार पोचावा. आपला गुडघा कसा आहे? अक्का म्हणत होती की बसताना दुखत नाही, उठताना दुखतो. माझ्या मते हा दोष गुडघ्याचा नसून त्या बाजेचा असावा, कारण तुमच्या बाजेवर बसलेला कुठलाच माणूस मी राजीखुशीनं उठताना पाहिलेला नाही. म्हैस व्याली का? पऱ्हाट्या उपटून झाल्या का? (माझ्या वर्गात निम्म्या पोरांना पऱ्हाटी म्हणजे काय हे सांगावं लागतं, आणि त्यांचे आजे अजून खेड्यात कापूस वेचतात.) आम्ही इथं सुखरूप आहोत. नळाला पाणी आलं तर आणखी सुखरूप राहू.

एवढा फोन हाताशी असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर दाजी, तुम्हाला फोन लावला की तुम्ही ‘हां, अक्काला देतो’ एवढंच बोलता आणि फोन खरोखरच अक्काला देता. तुमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीपासून हे असं चाललं आहे आणि त्याचं कारण मला पक्कं माहीत आहे. ओट्यावरच्या भिंतीवर दोन डोंगर, मधोमध उगवता सूर्य, खाली नदी आणि नदीत हंसाची जोडी एवढंच तुम्ही हौसेनं माझ्याकडं मागितलं होतं. मी मात्र सगळ्या पाव्हण्यारावळ्यांसमोर, हातात बुंदीची पत्रावळ धरून, कलेवर भाषण ठोकलं. सोयगावात हंस कुणी पाहिला आहे का, असंही विचारलं. तुम्ही बुंदीचं ताट उचलून पुढच्या पंगतीकडं वळलात. दुसरा पेंटरही बोलावला नाहीत. अक्का सांगते की ती भिंत अजून कोरीच आहे.

तर कळवायचं ते असं की तेच दोन डोंगर मी गेल्या महिन्यात शाळेच्या भिंतीवर स्वतःच्या हातानं काढले. मध्ये सूर्य काढला, त्याला किरण काढले. नदी काढली. हंस तेवढे राहिले, कारण तिथं ‘स्वच्छ शाळा, सुंदर शाळा’ लिहायचं होतं. हे वाचून तुम्ही बाजेवर मागे रेलून हसत असाल, आणि तो तुमचा हक्कच आहे. फक्त हसून झालं की पुढचं वाचा, कारण पुढं हसण्यासारखं हळूहळू कमी होत जातं.

तुमचं मत मला माहीत आहे. चित्रकलेचा मास्तर म्हणजे गणिताच्या मास्तराला जादा तास मिळावा म्हणून सरकारनं करून ठेवलेली सोय. आमच्या शाळेचंही मत याहून फार वेगळं नाही. पण मी इतकी वर्षं एका तत्त्वावर काढली आहेत, आणि ते तत्त्व म्हणजे दिसेल ते काढा. पुस्तकातलं नको, कॅलेंडरवरचं नको, मागच्या बाकावरच्याचं तर नकोच. माझ्या वर्गात खोडरबरला बंदी आहे. (पोरं तो मोज्यात लपवून आणतात. आमच्या शाळेत मोज्यात कॉपी नसून खोडरबर सापडतो, ही माझी कमाई.) आणि दोन डोंगरांना तर मी वर्गाच्या दारातच थांबवत आलो. आठवीतलं पोर पहिल्या तासाला कागद मिळाला की हमखास ते डोंगर काढतं. मग मी त्याला खिडकीशी नेऊन उभं करतो आणि विचारतो, बाबा, यातला एक तरी डोंगर दाखव. खिडकीतून पाण्याची टाकी दिसते, वाळत घातलेल्या गोधड्या दिसतात आणि लांबवर मुकुंदवाडीचं स्टेशन दिसतं, जिथं गाडीपेक्षा शेळ्या वेळेवर येतात. पोर खट्टू होऊन जागेवर जातं आणि शेळी काढायला घेतं. तिथून पुढं ते माझं.

या तत्त्वापायी मी कमी भोगलेलं नाही. मागं एकदा नववीला सांगितलं की घरातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू उद्या घेऊन या, तिचं चित्र काढू. मला वाटलं होतं, कुणी आजीचा चष्मा आणेल, कुणी देवघरातली घंटी. सत्यम नावाच्या पोरानं गॅसचा रेग्युलेटर काढून आणला. दुसऱ्या तासाला त्याची आई पिठानं भरलेल्या हातांनी वर्गाच्या दारात उभी. तिनं पोराला काही म्हटलं नाही, मलाच विचारलं की मास्तर, तुमच्या घरी चूल हाये का? मी रेग्युलेटर दिला, माफी मागितली आणि ती वळल्यावर सत्यमला म्हणालो, आईचे हात पाहून घेतलेस का? त्यानं मग तेच काढले. त्या चित्रात रेग्युलेटर अगदी हुबेहूब आला होता आणि पीठ त्याहून हुबेहूब. त्या दिवसापासून बद्रीनाथ सरांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, माझ्या सगळ्या उपक्रमांना लेखी परवानगी लागेल असं ठरवलं.

म्हणून दसऱ्याच्या आधी जेव्हा त्यांनी स्वतःहून शाळेची गेटाकडची भिंत रंगवा म्हणून सांगितलं, तेव्हा मला इतका आनंद झाला की काय रंगवा हे विचारायचंच राहून गेलं. माझी चूक झाली ती इथं. मी नववीच्या पोरांना तेलरंगाचे डबे दिले, भिंतीवर प्रत्येकाला तुकडा आखून दिला आणि म्हणालो, शाळेत येताना जे दिसतं ते काढा. आठवड्याभरात भिंतीवर सगळी मुकुंदवाडी उतरली. पाण्याचा टँकर आणि टँकरभोवतीचं भांडण उतरलं. स्टेशनातल्या शेळ्या उतरल्या. एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा बॅनर उतरला, पण चेहऱ्याच्या जागी नुसते पांढरे डाग, कारण खऱ्या बॅनरवर कबुतरांनी तेवढंच शिल्लक ठेवलं होतं. आकाश नावाच्या पोरानं शाळेचं गेट काढलं, गेटापुढं बद्रीनाथ सरांची स्कूटर काढली, नंबरसकट. सर काढले नाहीत. मी विचारलं तर म्हणाला, “सर सकाळी आत जातेत ते संध्याकाळीच दिसतेत. स्कूटर दिवसभर दिसती.” हे अगदी माझ्याच तत्त्वाला धरून होतं. बद्रीनाथ सर मात्र त्या स्कूटरपुढं बराच वेळ उभे राहिले आणि मग आत गेले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मग तक्रारी सुरू झाल्या. ज्यांची चित्रं आली ते चिडले, हे समजू शकतो. पण ज्यांची आली नाहीत ते जास्त चिडले. चहावाला काढला आणि आमची गिरणी का नाही, म्हणून गिरणीवाला दोन वेळा शाळेत येऊन गेला. त्याला म्हणालो, पोरांना गिरणी दिसत नाही, ऐकू येते. हे त्याला पटलं नाही. तेव्हापासून आमचं पीठ जाडं येतं.

या सगळ्यात गेटाला लागून, लिंबाच्या सावलीतला तुकडा अपेक्षा नावाच्या पोरीला आला होता. त्याच जागी तिची आजी सारजाबाई बसायची. दाजी, तुम्ही अक्काला घेऊन एकदा शाळेत आला होतात तेव्हा तिच्याकडूनच बोरं घेतली होती, आणि तिनं मोजून दिल्यावर वरून मूठभर घातली म्हणून तुम्ही माझ्यापेक्षा तिचं जास्त कौतुक केलं होतं. पाटीत बोरं, चिंचा, उन्हाळ्यात कैऱ्या, आणि पुडीत तिखटमीठ. अपेक्षानं तिला भिंतीवर काढलं ते जमिनीलगत, खरी जिथं बसते तिथंच, तेवढीच. पण हात काढले ते चांगले सुपाएवढे. बद्रीनाथ सर म्हणाले, हे हात आहेत का अस्वलाचे पंजे? मी पोरीला एकटीला विचारलं, तर ती ब्रश पुसत म्हणाली, “सर, आपुन गेटातून आलो की आधी आजीचा हात दिसतो. मंग आजी.” दाजी, इतकी वर्षं मी पोरांना बघायला शिकवत होतो. त्या दिवशी मला वाटलं की आता निवृत्त झालो तरी चालेल.

सारजाबाईनं स्वतः ते चित्र पाहिलं तेव्हा तिची तक्रार निराळीच होती. “पाटीत बोरं लई कमी दावली पोरीनं. रिकामी पाटी पाहून गिऱ्हाईक यील का?” मग अपेक्षानं पाटी शिगोशीग भरून दिली. पुढचे काही महिने तिथं दोन सारजाबाया बसल्या, एक भिंतीत आणि एक भिंतीला टेकून. लहान पोरं भिंतीतल्या सारजाबाईच्या हातावर हात ठेवून खरीकडून बोरं घ्यायची.

संक्रांतीच्या सुमाराला खरी गेली. दोन दिवसांचा ताप. दुखवट्याचे दिवस सरले आणि तिचे मालक पुंजारामबाबा रोज दुपारी भिंतीशी येऊन बसू लागले. एमआयडीसीत हमाली केलेला माणूस, पाठीतून पार वाकलेला. काठी आडवी ठेवायची, चित्राच्या डाव्या अंगाला टेकायचं, तंबाखू मळायची आणि शाळा सुटेपर्यंत बसायचं. मी एकदा म्हणालो, बाबा, आजी होत्या तेव्हा तुम्ही कधी इथं दिसला नाहीत. ते म्हणाले, “तव्हा टाइम न्हवता, मास्तर.” ते वाक्य अजून माझ्या मनातून जात नाही.

आता फोटो नाहीत का, असं अक्का विचारेल. सारजाबाई मोबाइल दिसला की तोंडावर पदर घ्यायची. आधार कार्डावरचा फोटो आहे, त्यात ती कुणीतरी नुकतंच पकडून आणल्यासारखी दिसते. भिंतीचे फोटो आम्ही सगळ्यांनीच काढले होते, पण तिच्यापुढं लिंबाच्या सावलीत कायम बद्रीनाथ सरांची स्कूटर. एकूण एक फोटोत सारजाबाईच्या चेहऱ्यावर स्कूटरचा आरसा आहे.

फेब्रुवारीत कळलं की सुंदर शाळांची पाहणी करणारी समिती येते आहे. समितीला भिंतीवर निसर्ग लागतो आणि निसर्गात संदेश लागतो. आमच्या भिंतीवर टँकरचं भांडण होतं. बद्रीनाथ सरांनी मला बोलावून सांगितलं की भिंत कोरी करून डोंगर, सूर्य, नदी असं काहीतरी प्रसन्न काढा. मी स्टाफरूममध्ये कलेवर बोललो. (तेच भाषण, दाजी. बुंदी नव्हती एवढाच फरक.) भूगोलाच्या बाई पेपर तपासत होत्या, पीटीचे सर शिट्टीला दोरा ओवत होते. शेवटी बद्रीनाथ सर म्हणाले की राहू द्या, बाहेरचा पेंटर बोलावतो, तो चांगल्या पक्क्या तेलरंगात काढून देईल. आणि तेव्हा तुमचा हा तत्त्वनिष्ठ मेव्हणा उठला आणि म्हणाला, कशाला बाहेरचा, मी आहे ना.

मी स्वतः डिस्टेंपर कालवला. पोरांच्या चित्रांवर स्वतः ब्रश फिरवला. टँकर गेला, शेळ्या गेल्या. सारजाबाईशी आलो तेव्हा मधली सुट्टी झाली होती आणि अपेक्षा गेटात उभी होती. मी आधी पाटी पुसली, मग पदर, मग तोंड. हात शेवटी पुसले. मग तिथं डावा डोंगर काढला.

समिती आली, खूष झाली. त्यांच्यातल्या एका साहेबांनी डोंगरापुढं फोटो काढून घेतला आणि निसर्ग फार जिवंत आहे असा शेरा दिला. शाळेला प्रशस्तिपत्र मिळालं, त्यावर कलाशिक्षक म्हणून माझं नाव आहे. एवढ्या नोकरीत माझं नाव पहिल्यांदा छापून आलं ते दोन डोंगरांसाठी.

दुसऱ्या दिवशी पुंजारामबाबा आले. भिंतीकडं पाहत राहिले आणि मला म्हणाले, “हितली कुठं गेली, मास्तर?” मी म्हणालो, समिती येणार होती, बाबा. त्यांनी मान हलवली. कुणीतरी येणार म्हणून आपण उठायचं, हे त्या माणसाला समजावून सांगायची गरज नव्हती. ते रोज येतात अजून, त्याच जागी बसतात, पण आता काठी आडवी ठेवत नाहीत. हातात धरून बसतात, निघायला टेकलेल्या माणसासारखे.

आणि अपेक्षा. गेल्या आठवड्यात वार्षिक परीक्षेचा चित्रकलेचा पेपर झाला. तिनं कागदावर दोन डोंगर काढले, मध्ये सूर्य, खाली नदी. अगदी सफाईदार, पट्टीनं. मी तिच्या बाकाशी थांबलो. ती वर न बघता म्हणाली, “दिसंल ते काढा म्हनले होते ना, सर. आमाला आता हेच दिसतं.” मी तिला किती गुण द्यावेत हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दाजी, मला वाईट वाटतं. चित्राचं कमी वाटतं, पोरीनं माझ्याकडं बघायचं सोडलं याचं जास्त वाटतं. कुणाच्या हौसेच्या भिंतीला नाही म्हणताना जो ताठा होता, तो कामाच्या भिंतीपाशी कुठं गेला हे मी रोज स्वतःला विचारतो.

असो. होऊन गेलं त्याला इलाज नाही. माणसानं झाल्या गोष्टीचं ओझं किती वाहायचं? गुडघ्याला जपा. अक्काला नमस्कार, म्हशीला हिरवा चारा.

आपला मेव्हणा,
सोमनाथ

ता. क. इलाज नाही असं वर लिहिलं आहे ते अक्कासाठी, कारण पत्र ती आधी वाचणार. अक्का, इथून पुढचं दाजींचं आहे. दाजी, डिस्टेंपर भिंतीला धरून राहतो तो सरसामुळं, म्हणजे चिकट खळीमुळं. पुडीतली पूड पाण्यात कालवताना त्यात सरस घालावा लागतो, नाहीतर ती नुसती मातीसारखी बसते आणि पाणी लागलं की निघून जाते. मी सरस घालायला विसरलो. दुसरा हात मारतानाही विसरलो. डोंगरसुद्धा त्याच पुडीतले. खालचा तेलरंग मात्र पक्का आहे, त्याला पाण्यानं काही होत नाही. बाहेरचा पेंटर आला असता तर त्यानं भिंत घासून तेलरंग लावला असता आणि सारजाबाई कायमची गेली असती, म्हणून मी उठलो होतो. हे पोरीला सांगता येत नाही. वर्गात सांगितलेलं गुपित मधल्या सुट्टीपर्यंत स्टेशनात पोचतं. पाऊस पडला की भिंत आपसूक धुतली जाईल, पण पुंजारामबाबांना जूनपर्यंत थांबा असं कोणत्या तोंडानं सांगू? तेव्हा येत्या रविवारी तुमचा पाठीवरचा फवारणीचा पंप घेऊन या. औषधाचा वास जाईपर्यंत धुतलेला असावा. बादल्यांनी भिंत धुवायला गेलो तर या पाणीटंचाईत गल्ली अंगावर येईल. पंपाला पाणी थोडं लागतं.

आणखी एक. बद्रीनाथ सरांची काळजी करू नये. परवा ते खिडकीतून पुंजारामबाबांकडं पाहत उभे होते. मला म्हणाले, हा रंग पाण्यानं जातो का हो? मी म्हणालो, जाऊ शकतो. ते म्हणाले, मी काही विचारलं नाही. मग जरा वेळानं म्हणाले, रविवारी मी गावाकडं चाललोय, स्कूटर घेऊन.

शेवटचं. असा पंप मुकुंदवाडीतही मागितला तर मिळेल, हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही लगेच सुचलं असेल. तरी तुम्हीच या. परत जाताना मी तुमच्याबरोबर सोयगावला येतो, माझे रंग घेऊन. ओट्यावर दोन डोंगर, सूर्य आणि हंसाची जोडी, तुम्ही सांगाल तशी. त्यात सरस भरपूर घालीन. सकाळी लवकर निघा. मी पोरीला आणि बाबांना गेटाशी बोलावून ठेवतो, का ते सांगणार नाही. तुम्ही फवारा डाव्या डोंगराच्या अगदी पायथ्याशी धरायचा, वर जायची घाई करायची नाही. आधी हात दिसतील. मंग सारजाबाई.